दोनशेचा आकडा

"अहो, कशाला उघडताय? चालतेय की चांगली," नंबरकाका पुन्हा एकदा म्हणाले.

जावयाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याने अंगणात जुनं पोतं अंथरलं होतं, त्यावर नट-बोल्टचे पाने मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडले होते आणि मोटारसायकलची टाकी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. टाकीवाचून ती गाडी अगदी उघडी पडल्यासारखी दिसत होती. काकांना तिच्याकडे बघवेना.

"बाबा, तुम्ही नुसते खुर्चीत बसा," जावई म्हणाला. "मागच्या वेळी चालवली तेव्हाच मला कळलं. दोनशे सीसीची गाडी आणि एवढ्याशा चढावर धापा टाकते? पिस्टन गेलाय, रिंगा गेल्यात. तुम्ही रोज बसता म्हणून तुम्हाला जाणवत नाही. आता नवा पिस्टन टाकतो, मग चालवून बघा. ओळखणार नाही तुम्ही तिला."

काका खुर्चीत बसले. शेजारच्या स्टुलावर पुठ्ठ्याचा खोका होता आणि खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेला नवा कोरा पिस्टन. काका निवृत्त झाले म्हणून लेकीने आणि जावयाने मिळून आणलेली ही भेट. लोक निवृत्त माणसाला घड्याळ देतात, आरामखुर्ची देतात. जावई मेकॅनिक, त्याने पिस्टन आणला. काल जेवणं झाल्यावर लेकीने तो काकांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बघा तरी बाबा, केवढा जड आहे." काकांना तो खरोखरच जड लागला. त्यानंतर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

कारण गाडी दोनशेची नव्हतीच. ती सव्वाशेची होती. दोनशेचा होता तो बाजूच्या पत्र्यावरचा आकडा, आणि तो काकांनी स्वतःच्या हाताने चिकटवलेला होता.

काकांची सगळी नोकरी मोटारसायकलींच्या कारखान्यात गेली, आणि तीही आकडे चिकटवण्यात. गाडी तयार होऊन पट्ट्यावरून सरकत सरकत शेवटाला आली की तिच्या अंगावर प्लास्टिकचा आकडा लावायचा, अंगठ्याने दाबायचा, फडकं फिरवायचं आणि पुढची गाडी घ्यायची. देशात विकायच्या गाडीला सव्वाशेचा आकडा, बाहेर जाणारीला दोनशेचा. यात चूक होऊन चालत नसे आणि काकांच्या हातून ती कधी झालीही नाही. गल्लीत म्हणूनच त्यांना सगळे नंबरकाका म्हणत. ज्या आकड्याला ओरखडा असेल तो बाद, आणि बाद आकडा पकडीने मोडूनच टोपलीत टाकायचा असा कारखान्याचा नियम होता. साबूत आकडा बाहेर गेला तर लोक वाटेल त्या गाडीवर चिकटवतील, असं साहेब म्हणायचे. काका मान डोलवायचे आणि मोडायचे.

एक आकडा तेवढा त्यांनी मोडला नाही.

लेकीचं लग्न ठरायच्या आधी दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा भेटली, त्या वेळची गोष्ट. व्याही डोंगरापलीकडच्या देशातले. मोकळाढाकळा माणूस, हसला की खिडक्या वाजाव्यात असा. ते म्हणाले, "तुम्ही तर खुद्द कारखान्यातली माणसं. तुमच्याकडे दोनशेच असणार. आमच्याकडे तीच येते, दुसरी बघायलाही मिळत नाही." व्याह्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण आतल्या खोलीत लेक बसलेली होती, तिला इकडचं सगळं ऐकू येत होतं, आणि या उंचपुऱ्या माणसांपुढे आपण सव्वाशेचे ठरू नये असं काकांना कुठून कोण जाणे वाटलं. "हो, दोनशेच," ते म्हणून गेले. "पण इकडे ती विकत नाहीत म्हणे?" व्याह्यांनी विचारलं. "विकत नाहीत. जुन्या माणसांना कंपनीनं कौतुकानं दिली," काकांनी ठोकून दिलं. एक खोटं झाकायला दुसरं लागलं आणि दुसरं झाकायला तो आकडा लागला. तो चिकटवताना काकूंनी पाहिलं. "हे काय?" त्या म्हणाल्या. "व्याही यायचेत लग्नाला," काका म्हणाले. काकू जराशा हसल्या आणि कामाला लागल्या. गल्लीत कारखान्यातलं दुसरं कुणी राहत नव्हतं. आकडा बघून लोकांनीही कौतुक केलं, आणि काकांनी ते करू दिलं.

एवढ्यावरच भागलं असतं तर आजचा दिवस नुसता फजितीचा ठरला असता. पण आज त्या अंगणात जावयाच्या पोटापाण्याचाही प्रश्न होता. काकूंना हल्ली कमी दिसायला लागलं होतं. दुधाचं पातेलं आणि पाण्याचं पातेलं यात त्यांची गल्लत व्हायची. लेकीच्या जिवाला घोर लागला होता. आपण इकडेच राहायला यावं म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली होती आणि तोही तयार झाला होता. गावातल्या सर्व्हिस सेंटरला मोठा मेकॅनिक हवा होता. लेक स्वतः जाऊन मालकांशी बोलून आली. मालक म्हणाले, "मला तोंडी परीक्षा कळत नाही, मी हात बघतो. सासऱ्यांची गाडी उघडणार आहेत ना? मी येतो तिथे."

मालक यायच्या आत गल्लीतली रिकामी मंडळी जमली. त्यांत पुढे होता टेलर. गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून तो आला, कारण दुकान बंद केलेलं नाही असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे.

"काका, मला एक कळत नाही," तो म्हणाला. "कंपनी आपली, माणसं आपली, आणि मोठी गाडी बाहेरच्यांना, लहान आपल्याला. असं का?"

आता इथे काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण हा त्यांचा आवडता विषय. कारखान्यात एका तरुण साहेबाने सगळ्यांना बसवून तो समजावला होता आणि तेव्हापासून काका तो स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखा सांगत आले होते.

"हिशोब असतो तो," काका म्हणाले. "आपल्याकडे सव्वाशेच्या वर गेलात की कर वाढला, विमा वाढला, लायसनची परीक्षासुद्धा वेगळी. आणि आपला माणूस गाडी बघितली की पहिलं काय विचारतो? लिटरला किती पळते. मग कंपनी म्हणते, घ्या बाबांनो सव्वाशे. डोंगरापलीकडे तसला नियमच नाही. तिथे सगळा चढ. गाडीवर दोन माणसं आणि वर एक पोतं. सव्वाशे नेलीत तर पहिल्या वळणाला उतरून ढकलाल. आणखी कुठेतरी असं आहे की नवशिक्याला मोठी गाडी चालवूच देत नाहीत, तिथे परत सव्वाशे."

"म्हणजे कापड एकच, गिऱ्हाईक बघून बेतायचं," टेलर म्हणाला.

"अगदी. सांगाडा एक, टाकी एक, दिवा एक. इंजिनसुद्धा बाहेरून एकच. आतलं भोक तेवढं लहान-मोठं. वरून बघून कुणाच्या बापाला कळायचं नाही."

बोलून झालं आणि काकांनी जीभ चावली.

"आकड्यावरून कळतं की," टेलर म्हणाला.

"हो. आकड्यावरून कळतं."

जावई खाली बसून धुराची नळी सोडवत होता. त्याने मान वर करून हसून बघितलं. सासऱ्याचं ज्ञान त्याला मनापासून आवडत असे. त्याच्या देशात त्याने शेकड्यांनी दोनशेच्या गाड्या उघडल्या होत्या, पण सव्वाशेची एकही नाही, कारण ती तिथे यायचीच नाही. आणि आयुष्यभर ज्याने कारखान्यात आकडे लावले त्याच्याच गाडीचा आकडा खोटा असेल, हे कुणाच्या मनात येणार?

मालक आले. वाळकुडा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं कमी. त्यांनी पोत्यावरचे पाने पाहिले, मग गाडीच्या भोवती एक फेरी मारली आणि पत्र्यावरच्या आकड्यापाशी थांबले.

"दोनशे. ही इकडे कशी?"

गल्ली काकांकडे बघायला लागली. लेक दारात उभी होती, तीही बघायला लागली.

"कंपनीनं दिली," काका म्हणाले. "जुन्या माणसांना."

"असं," मालक म्हणाले आणि जावयाच्या मागे जाऊन उभे राहिले.

जावयाचा हात खरंच बघण्यासारखा होता. कुठे घाई नाही, कुठे हिसका नाही. काढलेला प्रत्येक बोल्ट तो ज्या जागचा त्याच क्रमाने पोत्यावर ठेवत होता. मालकांना दोनदा स्वतःशीच मान डोलवताना काकांनी पाहिलं. दुसरी कुठलीही गाडी असती तर काकांची छाती फुगली असती. आता एकेक बोल्ट ढिला होत होता आणि त्यांना वाटत होतं, आपलेच कपडे कुणीतरी चारचौघांत उतरवतंय. अजून वेळ आहे, ते मनाशी म्हणत होते. इंजिनचं वरचं झाकण निघेपर्यंत वेळ आहे. जरा इकडे या म्हणून जावयाला बाजूला घ्यावं आणि कानात सांगून टाकावं. ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. टेलरने विचारलं, "काका, मुंग्या चावतायत का?" सगळे हसले, काकाही हसले.

झाकण निघालं.

जावयाने आत वाकून पाहिलं. फडक्याने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मग खोक्यातला नवा पिस्टन काढून त्याने भोकाच्या तोंडावर धरला. लहान डब्यावर मोठ्या डब्याचं झाकण ठेवावं तसा तो वरच बसला. जावयाने पिशवीतून मोजमापाची पट्टी काढली, भोक मोजलं, आणि मग हळूच मान वळवून काकांकडे पाहिलं.

त्या नजरेत राग असता तर काकांना सोसला असता. राग नव्हता. आधी त्याला काही कळलेलं नव्हतं आणि मग कळलं, एवढंच त्या नजरेत होतं. आणि कळल्यावर त्याने पटकन नजर काढून घेतली, चुकून दुसऱ्याच्या घरात डोकावलो असं व्हावं तशी.

"काय झालं?" लेकीने दारातून विचारलं.

"पिस्टन चुकला," जावई म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "दुकानदारानं दुसऱ्याच गाडीचा दिला वाटतं. मीही बघून घेतला नाही. घाईत होतो."

"अरे देवा," टेलर म्हणाला. "म्हणजे मी गिऱ्हाइकाच्या हातात दुसऱ्याचीच विजार दिली तसं झालं हे."

गल्ली खदखदून हसली. जावईही मान खाली घालून हसला. मालक हसले नाहीत. लेकही हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुला एक पिस्टन नीट बघून घेता येत नाही?" ती म्हणाली. "आजच्या दिवशी? रोज तेच तर करतोस."

"चुकलं," जावई म्हणाला.

काका खुर्चीतच होते. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. गाडी सव्वाशेची आहे. पण समोर टेलर होता, गल्ली होती, लेक होती. दुसऱ्याच्या अंगावर आपली घाण उडालेली दिसते आहे आणि आपण पाय पोटाशी घेऊन बसलो आहोत, हे त्यांना लख्ख कळत होतं. तरीही ते बसून राहिले. वर आणि, देवाशपथ, बारीकसा सुटकेचा श्वासही त्यांनी सोडला. त्या श्वासाची लाज त्यांना नंतर सगळ्यात जास्त वाटायची होती.

"रिंगा मिळतील का तुमच्याकडे?" जावयाने मालकांना विचारलं. "जुनाच पिस्टन घालतो, रिंगा तेवढ्या नव्या टाकतो."

"कुठल्या गाडीच्या?"

"मी माप देतो," जावई म्हणाला.

"पाठवतो," मालक म्हणाले. जाताना ते काकांना म्हणाले, "बाकीचं कळवतो."

गाडी जोडून झाल्यावर जावई नळापाशी हात धूत होता. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. काका साबण घेऊन गेले.

"ते आकड्याचं..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, इंजिन फार छान ठेवलंय तुम्ही," जावई हात चोळत म्हणाला. "वेळच्या वेळी ऑइल बदललेलं दिसतं. इतकं निगुतीनं कुणी ठेवत नाही हो."

"तसं नाही, मी काय म्हणतो..."

"टॉवेल देता?"

काकांनी टॉवेल दिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. आपल्याला बोलू दिलं नाही म्हणून त्यांना जावयाचा रागही आला, आणि तो राग खोटा आहे हेही कळलं. बोलायचंच असतं तर टॉवेल देताना बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या फोनवर मालकांचा निरोप आला. सध्या जागा भरायची नाही. तिने तो वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला. नवऱ्याशी ती एक शब्दही बोलली नाही. पिशवीत कपडे भरताना मात्र आदळआपट होत होती. जावई तिला कपडे घडी करून देत होता आणि ती ते पुन्हा उलगडून स्वतः घडी करत होती. त्यांची बस दुपारची होती.

काकूंनी काकांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"मी काल दारातच होते, चहा घेऊन," त्या म्हणाल्या. "तोंडावर आलं होतं माझ्या. पण म्हटलं, तुम्ही बोलाल."

एवढंच. मग त्या भांडं हाताने चाचपून बघायला लागल्या, आत दूध आहे की पाणी. काकांनी चपला घातल्या आणि ते पायीच निघाले.

सर्व्हिस सेंटरमध्ये हवेवर चालणाऱ्या पान्यांचा घर्रघर्र आवाज चालला होता. ओळीने गाड्या उघडल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या काकांच्या गाडीच्या बहिणी होत्या. प्रत्येकीच्या अंगावर सव्वाशेचा आकडा. यांतल्या कितीतरी आकड्यांवर आपला अंगठा फिरलेला असेल, असं काकांना वाटलं. एरवी त्यांना याचा अभिमान वाटला असता.

मालक काचेच्या खोलीत बसले होते. काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "पिस्टन चुकला नव्हता. माझी गाडी सव्वाशेची आहे. आकडा मी लावलाय. जावयाला माहीत नव्हतं."

"मला कळलं ते," मालक म्हणाले.

"कळलं?"

"दिवसभर याच गाड्या बघतो मी. भोक बघितलं आणि कळलं. शिवाय त्यानं दिलेलं माप सव्वाशेचंच होतं."

काकांना हायसं वाटलं. "मग झालं तर. त्याची काही चूक नाही, बघा. चुकीचा माल आणणारा मुलगाच नाही तो."

"चुकीचा माल मीही आणलाय. त्याचं काही नाही," मालक म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. "त्यानं मोजलं, तुमच्याकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत खोटं सांगितलं. चेहऱ्यावरची रेघ न हलवता. इथे रोज गिऱ्हाईक समोर उभं असतं, काका. आत काय निघालं ते त्याला दिसत नाही. मेकॅनिक सांगेल ते खरं. मला त्या जागेवर असा माणूस नको."

"पण ते माझ्यासाठी सांगितलं त्यानं. माझी अब्रू..."

"असेल."

"तो खोटं बोलणाऱ्यातला नाही हो. जन्मात बोलला नसेल."

"असेलही. मी त्याला एकदाच पाहिलं आणि त्या एकाच वेळी तो बोलला." मालकांचा आवाज कठोर नव्हता, दमल्यासारखा होता. "हात सोन्यासारखा आहे त्याचा. मलाही वाईट वाटलं. तुम्ही काल खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला असतात, तर मी तिथेच त्याला हो म्हटलं असतं."

काका बाहेर पडले आणि पायीच घरी आले.

बस स्टँडवर गर्दी होती. जावयाने सामान टपावर चढवलं, लेकीला खिडकीची जागा दिली आणि तो तिच्या शेजारी बसला. ती बाहेर बघत होती. आईला तिने औषधं कुठे ठेवलीत ते पुन्हा सांगितलं, पातेल्यांना दोरे बांधलेत, लाल दोरा दुधाचा, हेही पुन्हा सांगितलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे तिची पाठ होती. घरी पोहोचेपर्यंत ती अशीच बसणार हे काकांना माहीत होतं. लेक कुणाची, तर त्यांचीच. आणि घरी पोहोचल्यावर व्याही विचारणार, जागेचं काय झालं, आणि हा जावई तिथेही हसून सांगणार, माझं चुकलं.

काकूंनी काकांचा दंड धरला होता. दिसत नाही म्हणून धरला होता, पण काकांना वाटलं, ढकलतेय.

"पिस्टन बरोबर होता," काका खिडकीला तोंड लावून म्हणाले.

"काय?" लेक म्हणाली.

"त्यानं आणलेला पिस्टन बरोबर होता. गाडी सव्वाशेची आहे. दोनशेचा आकडा मीच चिकटवलाय, तुझ्या सासऱ्यांना खोटं सांगितलं होतं म्हणून. कंपनीनं मला काही दिलेलं नाही."

आजूबाजूच्या खिडक्यांतून लोक बघायला लागले होते. काकांना ते दिसलं आणि त्यांनी आवाज खाली केला नाही. एकदा सुरू झालं ते त्यांना थांबवता येईना. मालकांकडे जाऊन आलो हेही त्यांनी सांगितलं, आणि मालक काय म्हणाले तेही सगळं. ते सांगायला हवं होतं की नाही हे त्यांना तेव्हाही कळलं नाही, नंतरही कळलं नाही. लेकीचं आणि जावयाचं बिनसू नये म्हणून ते बोलायला गेले होते, आणि बोलता बोलता जावयाचं तोंड एवढंसं झालेलं त्यांना दिसलं. पिस्टन चुकला म्हणून गल्ली हसली तेव्हाही ते असं झालं नव्हतं. तेव्हा त्याने स्वतःच्या मर्जीने आपलं हसं करून घेतलं होतं. आता कुणीतरी त्याला खोटारडा म्हटलं होतं, आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

लेक वळली. कालपासून पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"झाकण काढल्यावर कळलं."

"मग मला का नाही सांगितलंस? घरात तरी? मी तुला काय काय बोलले."

"तुझे बाबा आहेत," जावई म्हणाला.

लेकीने खिडकीतून काकांकडे पाहिलं. काकांनी तयारी ठेवली होती. ती ओरडेल, रडेल, निदान असं का केलंत म्हणून विचारेल. तिने काहीच विचारलं नाही. लहानपणी बाबा कारखान्यातून आले की ती त्यांचा अंगठा हातात घेऊन बघायची, आज किती गाड्यांना नंबर लावले म्हणून. आत्ता ती त्यांच्याकडे बघत होती ते नुसत्या तोंडओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

बसचं इंजिन सुरू झालं. लेक उठली आणि तिने जावयाला खिडकीकडे सरकवलं. स्वतः ती आतल्या जागेवर जाऊन बसली. तिथून तिचा चेहरा दिसत नव्हता. जावयाच्या बाहीवर ठेवलेला तिचा हात तेवढा दिसत होता.

"बाबा," जावई खिडकीतून वाकून म्हणाला. बसच्या आवाजात त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं. "रिंगा नव्या आहेत. त्यांना बसायला थोडे दिवस लागतात. तोवर चढावर ओढू नका, सावकाश चालवा. आणि आईंना मागे बसवून फार लांब जाऊ नका."

"नाही जाणार," काका म्हणाले.

"धूर दिसला तर मला फोन करा."

बस हलली. काकू विचारत होत्या, "ती बघतेय का हो? हात करतेय का?"

खिडकीतून हात हलत होता. तो जावयाचा होता.

"करतेय," असं काकांच्या तोंडावर आलं. ते त्यांनी गिळलं.

"जावई करतायत," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला हात वर केला. तो वर गेला, पण हलवायचं त्यांना जमलं नाही.